बाटलीवर फक्त नंबर

पोंगलची सुट्टी संपली की मी प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत खलबत्ता घेऊन बसते. बारावीची प्रात्यक्षिकं तोंडावर आलेली असतात. बाहेर मुलं जर्नलं पुरी करायच्या घाईत, आणि आत मी क्षार कुटून त्यांची बारीक पूड करत असते. सीबीएसईच्या ३० गुणांच्या रसायनशास्त्र प्रात्यक्षिकात ८ गुण टायट्रेशनला आणि ८ सॉल्टला. सॉल्ट म्हणजे पुडीत दिलेला अनोळखी क्षार. त्यात एक धन आयन, एक ऋण आयन. दोन्ही कोणते ते हुडकायचं. सांगायला काम एवढंच. पण ती पुडी कशी बांधावी आणि कुणाच्या हाती द्यावी, हे आमच्या कामातलं सगळ्यात कसबाचं अंग आहे, असं माझं पक्कं मत झालं आहे. प्रयोग कसा करावा यावर पुस्तकं आहेत. प्रयोग कसा मांडून द्यावा यावर मात्र शिक्षक-खोलीतसुद्धा क्वचितच बोलणं निघतं.

कुटायचं का, तर मुलांची नजर तयार असते म्हणून. नवसागराचे तंतू, तुरटीचे खडे, मोरचूदाचे निळे स्फटिक ती वर्षभर पाहत आलेली असतात. बाटली हातात पडताच उत्तर डोक्यात तयार होतं आणि मग पुढच्या सगळ्या चाचण्या त्या उत्तराच्या सोयीने घडत जातात. दिसलं नाही तरी ‘पांढरा अवक्षेप’ लिहिलं जातं. कित्येक ठिकाणी तर कोणत्या नंबरच्या बाटलीत काय आहे हे परीक्षेआधीच मुलांपर्यंत पोचलेलं असतं. ते कळलं की त्या दिवशी प्रयोगशाळेत होतं ते निव्वळ शुद्धलेखन. अनोळखी पदार्थ खरोखर अनोळखी असला पाहिजे, यावर मी अडून बसते. त्यासाठी नंबर दरवर्षी बदलते, यादी माझ्याजवळच ठेवते, आणि खडे राहू देत नाही.

मी मूळची भुसावळची. नोकरीतल्या बदल्यांनी आवडीला आणून सोडलं आणि इथेच रमले. आवडी म्हणजे चेन्नईच्या पश्चिमेचं लष्करी कारखान्यांचं गाव. १९५५च्या काँग्रेस अधिवेशनाने त्याचं नाव देशभर झालं; १९६१ साली इथे हेवी व्हेइकल्स फॅक्टरी उभी राहिली आणि १९६५ साली तिच्यातून पहिला विजयंता रणगाडा बाहेर पडला. पलीकडे सैन्याचे कपडे शिवणारा कारखाना, आणि रणगाड्यांचं संशोधन करणारी सीव्हीआरडीई, जिचं मूळ तेव्हाच्या अहमदनगरमध्ये. त्यामुळे आमच्या केंद्रीय विद्यालयाच्या वर्गात अंबरनाथ, वरणगाव, खडकी, अंबाझरी इथून बदलून आलेल्यांची पोरं अधूनमधून असतातच. एरवी वर्गात तमिळ, तेलुगू, हिंदी, मल्याळम असं सगळं. प्रयोगशाळेतले आमचे अण्णा मात्र साऱ्यांशी तमिळच बोलतात. कुणी ब्युरेटची तोटी जोरात फिरवली की त्यांचं “मेल्ल, मेल्ल!” ऐकू येतं, आणि हळू, जपून असा त्याचा अर्थ आहे हे पहिल्याच दिवशी नाशिकच्या मुलालाही कळतं.

बाटल्यांच्या जोड्या लावण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. झिंक सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट ही माझी आवडती जोडी. दोघांत सात-सात रेणू पाणी, स्फटिकांची घडणही एकच. पूड केली तर त्या दोन पुड्यांत डावं-उजवं करता येत नाही. या दोन बाटल्या मी शेजारशेजारच्या दोघांना देते. सल्फेटची चाचणी दोघांची सारखीच येते आणि शेजाऱ्याकडे पाहण्याचा मोह होतो. खरी फाटाफूट पुढे. द्रावणात कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकले की दोन्ही नळ्यांत पांढरा, चिकट अवक्षेप. इथे थांबणारा फसतो. आणखी सोडा घालत गेलं की एका नळीतला अवक्षेप विरघळून द्रावण नितळ होतं, ते झिंक. दुसरीतला तसाच राहतो, ते मॅग्नेशियम. एका मुलीने एकदा इथवर येऊन शेजारणीची नितळ नळी पाहिली, आपली गढूळ नळी पाहिली आणि सोडा घालतच राहिली. आपलीही नितळ व्हायलाच हवी असं तिला वाटत होतं. मी जवळ उभी होते, काही बोलले नाही. नळी काठोकाठ भरली तेव्हा तिने ती ठेवून दिली, दुसरी घेतली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि शेवटी वहीत लिहिलं, ‘जादा सोड्यात विरघळत नाही’. त्यानंतर तिने शेजारी पाहिलं नाही.

रंगांचंही तसंच. ‘हिरवा म्हणजे निकेल’ हे मुलांच्या तोंडी बसलेलं असतं, म्हणून मी कॉपर कार्बोनेट देते, तेही हिरवंच. मग अमोनिया घातल्यावर गडद निळाई उसळली की समजतं, की निळा तो मोरचूद हे कोष्टक अपुरं होतं. निकेलची स्वतःची साक्ष वेगळी आहे: डायमिथिल ग्लायऑक्झाइम टाकताच गुलाबाच्या पाकळीच्या रंगाचा अवक्षेप. बारावीच्या अभ्यासक्रमात याहून देखणं काही नाही, आणि ते पाहायला मिळावं म्हणून निकेलची एक बाटली मी दर तुकडीत राखून ठेवते.

कुणाला काय द्यायचं? परीक्षेच्या दिवशी चिठ्ठ्याच, त्यात माझा हात नाही. पण वर्षभराच्या सरावात मी मूल पाहून पुडी देते. ज्याचा हात थरथरतो त्याला आधी लेड नायट्रेट. तापवलं की ते तडतडतं, तपकिरी वायू सोडतं. पोटॅशियम आयोडाइड घातलं की पिवळंधमक होतं, ते गरम पाण्यात विरघळवून निवत ठेवलं की सोनेरी पत्र्या तरंगत खाली येतात. त्या नळीने कित्येक भित्र्या मुलांना प्रयोगशाळेत टिकवून धरलं आहे. जो घाईने निष्कर्ष काढतो त्याला स्ट्रॉन्शियम, कारण त्याची लाल ज्योत आणि कॅल्शियमची विटकरी ज्योत यांत घाई करणारा हटकून चुकतो.

चेन्नईची हवाही प्रश्नपत्रिका काढण्यात भाग घेते. कॅल्शियम क्लोराइड, झिंक क्लोराइड, फेरिक क्लोराइड हे क्षार हवेतलं पाणी ओढून घेतात. भुसावळच्या कोरड्या उन्हात ते निदान तासभर तग धरत असतील. इथे पुडी सोडून ठेवली तर बघता बघता कागद ओला होतो आणि कुणीही नुसतं बघून नाव सांगेल. म्हणून कॅल्शियम द्यायचं तर मी कार्बोनेट देते.

त्याहून मोठा घोळ पाण्याचा. आमच्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड भरपूर. मूल नळाखाली नळी विसळतं, तिच्यात सॉल्टचं द्रावण आणि सिल्व्हर नायट्रेट घालतं, आणि दुधाळ रंग येतो. सॉल्ट नायट्रेट असो की अ‍ॅसिटेट, सगळ्या टेबलांवर क्लोराइड निघतं. मुलाने काहीच खोटं केलेलं नसतं. ते नळाच्या पाण्याची चाचणी घेत असतं. म्हणून अकरावीच्या पहिल्याच तासाला मी सॉल्ट देत नाही. एका नळीत डिस्टिल्ड पाणी, एकीत नळाचं, दोन्हीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन-दोन थेंब, आणि काय दिसतं ते लिहा. आपण जे शोधतो आहोत ते मुळात आपल्याच भांड्यात नाही ना, हे पाहण्याची सवय पुढे कुठलंही शास्त्र शिकताना उपयोगी पडते. २०१९च्या उन्हाळ्यात पूंडी, चोलावरम, रेड हिल्स, चेंबरंबाक्कम हे चेन्नईचे चारही जलाशय आटले तेव्हा पाण्याचं मोल साऱ्या शहराला कळलं. त्या वर्षापासून शेवटची विसळणी डिस्टिल्डच्या बाटलीने, थोडक्या पाण्यात, तीनदा करायची हे आमच्याकडे पक्कं बसलं. एकदाच भसाभस ओतण्यापेक्षा तीनदा थोडं थोडं पाणी नळी जास्त स्वच्छ करतं.

आता टायट्रेशन. इथे पदार्थ माहीत असतो, त्याचं प्रमाण माहीत नसतं. बारावीला पोटॅशियम परमँगनेट. त्याचं वजन करून नेमकं द्रावण बनवता येत नाही. पाण्यातल्या बारीकसारीक सेंद्रिय कचऱ्यानेही ते थोडं खर्ची पडतं. म्हणून आधी ऑक्झॅलिक आम्लाचं प्रमाण द्रावण करायचं. हे आम्ल दमट हवेतही वजनाला इमान राखतं. २५० मिलिलिटर एम/२० द्रावणासाठी १.५७५ ग्रॅम. तोलताना पंखे बंद. आवडीत जूनमध्ये पंखे बंद करणं ही मोठी मागणी आहे, पण मुलं ती ऐकतात.

परमँगनेटच्या बरण्या मी चार करते: एम/४०, एम/४५, एम/५५, एम/६०. म्हणजे १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्लाला कुणाला ८ मिलिलिटर लागेल, कुणाला ९, ११ किंवा १२. शेजाऱ्याचं रिडिंग उतरवून काही साधत नाही, हे एकदा कळलं की प्रयोगशाळेतली कुजबुज आपोआप थांबते.

या प्रयोगातला पहिला थेंब आणि शेवटचा थेंब, दोन्ही शिकवावे लागतात. विरल सल्फ्युरिक आम्ल घालून साठेक अंशांपर्यंत तापवलेल्या द्रावणात परमँगनेटचा पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग तसाच राहतो. “मॅम, झालं!” अशी हाक हमखास येते. झालेलं काहीच नसतं. ही अभिक्रिया सुरुवातीला रेंगाळते. तिच्यातून तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढे तिला वेग देतात. फ्लास्क हलवत राहिलं की थोड्या वेळाने रंग जातो, आणि त्यानंतरचे थेंब पडताक्षणी विरतात. शेवटाकडे उलट. रंग जायला पुन्हा उशीर लागू लागतो, तेव्हा हात आवरायचा, ब्युरेटच्या टोकाशी अर्धा थेंब लोंबू द्यायचा, तो फ्लास्कच्या आतल्या कडेला टिपून डिस्टिल्डने खाली उतरवायचा. पांढऱ्या टाइलवर फिकी गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की रिडिंग. आणि परमँगनेट इतकं गडद, की त्याची खालची कड दिसत नाही, वरची वाचायची. १० मिलिलिटरमध्ये ०.१ मिलिलिटर इकडचं तिकडे झालं तर शंभरात एकाची चूक झाली. मुलांच्या बोटांना हे गणित वहीच्या आधी कळतं.

१८४६ साली फ्रान्सच्या मार्गेरितने परमँगनेट वापरलं ते लोखंड मोजायला. आमच्या मुलांच्या आईवडिलांत पोलादाची तपासणी करणारी माणसं आहेत. मोहरच्या क्षाराने तोच प्रयोग लोहावर करायची वेळ येते तेव्हा मी त्यांच्या मुलांना सांगते, हे परीक्षेपुरतं नाही, घरी विचारा. मोहर जर्मनीतल्या कोब्लेंझचा औषधविक्रेता होता आणि ब्युरेट वापरायला सोपी करण्यात त्याचा मोठा वाटा. या दुसऱ्या प्रयोगात द्रावण तापवायचं नाही, नाहीतर फेरस लोह हवेनेच फेरिक होतं. एक तापवायचा आणि दुसरा नाही, हे पाठ करणारी मुलं परीक्षेत उलटापालट करतात. कारण समजलेली करत नाहीत.

टाळेबंदीत आम्ही संगणकावरची प्रयोगशाळा वापरली. अमृता विद्यापीठ आणि सी-डॅकने केलेलं ‘ओलॅब्ज’ चांगलं आहे, पायऱ्यांचा क्रम मुलांना नीट समजला. पण ती मुलं परत आली तेव्हा ब्युरेटमधला हवेचा बुडबुडा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

गुण देताना माझा एक आग्रह असतो आणि त्यावरून बाहेरून आलेल्या परीक्षकांशी माझी चर्चा झडते. एका मुलाला स्ट्रॉन्शियम आलं होतं. ज्योतीच्या चाचणीपुढे त्याने लिहिलं, ‘लाल, विटकरी की किरमिजी ते ठरत नाही’. पुढे पाचव्या गटात पोटॅशियम क्रोमेटला पिवळा अवक्षेप नाही, म्हणून बेरियम बाद. अमोनियम सल्फेटला पांढरा अवक्षेप, म्हणून स्ट्रॉन्शियम. मग त्याने तार हायड्रोक्लोरिक आम्लात पुन्हा पुन्हा बुडवून स्वच्छ केली, ज्योत परत पाहिली आणि खाली ‘किरमिजी’ अशी वेगळी नोंद केली. पहिली नोंद खोडली नाही. परीक्षकांना ते पान गबाळं वाटलं. मला त्या गठ्ठ्यातलं ते सगळ्यात चांगलं पान वाटलं, आणि बऱ्याच बोलण्याअंती गुण पूर्ण मिळाले. १८४१ साली तरुण फ्रेझेनियसने गटवार पृथक्करणाचं पुस्तक लिहिलं. त्याच्या पद्धतीचा कणाच ‘हे नाही, म्हणून पुढे जा’ असा आहे. ‘नाही’ नीट लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यायला माझा हात कधी आखडत नाही.

अकरावीच्या वर्षाअखेरीला मी डाव उलटवते. मुलांनी घरून पुडी आणायची, तिच्यावर फक्त नंबर घालायचा, आणि मी सगळ्यांसमोर ओळखायची. खाण्याचा सोडा येतो, चुना येतो, मीठ तर येतंच. वरणगावहून आलेल्या एकाने पापडखार आणला होता. एकीने तुरटी आणली, चांगली कुटून, माझीच युक्ती. तिच्यात दोन धन आयन. अ‍ॅल्युमिनियम तिसऱ्या गटात हाती लागलं, सल्फेट लगेच सापडलं, पण पोटॅशियम गटांच्या जाळ्यात सापडत नाही. ते कोबाल्टच्या निळ्या काचेतून ज्योत पाहून जांभळ्या झाकेवर ओळखावं लागलं. तोवर चाळीस मुलं टेबलाभोवती गोळा झालेली. काही माझ्या वहीत डोकावत होती. बाकीच्यांचं लक्ष माझ्या हातांकडे होतं: मॅम नळी डिस्टिल्डनेच विसळतात ना, आणि तीनदा विसळतात ना.