काच फुटली, शिरपूर भेटलं!

शिरपूर बहुतेकांनी ताशी ऐंशीच्या स्पीडने पाहिलेलं असतं. मुंबई-आग्रा हायवेवर धुळं मागे पडतं, सोनगीर जातं, नरडाणा जातं, तापीचा लांबलचक पूल येतो आणि मग एक बोर्ड दिसतो. तो वाचून होईपर्यंत गाडी पळासनेरच्या दिशेने सुटलेली असते, कारण सगळ्यांचं लक्ष पुढच्या बिजासन घाटाकडे आणि त्याच्याही पुढच्या इंदूरच्या सराफ्याकडे लागलेलं असतं. तुमच्या ऑफिसात शिरपूरला एमबीए-टेक नाहीतर फार्मसी केलेला एखादा नग असेलच. त्याला विचारा. तो म्हणेल, ‘‘कॅम्पस सॉलिड होता रे, पण उन्हाळा... बापरे!’’

तर त्या बापरेवाल्या उन्हाळ्यात, गेल्या मे महिन्यात, मी आणि माझी मैत्रीण इंदूरला निघालो होतो. शिरपूरला थांबायचा प्लॅन शेवभाजीपुरताच होता. आम्ही थांबलो दीड दिवस.

आधी गार वारा, मग धूळ

दुपारचे चार. पारा चव्वेचाळीसच्या घरात. धाब्यावर कूलरसमोरची जागा पकडून आम्ही पहिला घास घेतला आणि बाहेर अचानक संध्याकाळ झाली. वारा पडला. पानसुद्धा हलेना. धाबेवाल्या भाऊंनी आभाळाकडे बघितलं आणि पोराला ओरडून सांगितलं, ‘‘खुर्च्या आत घे!’’

मान्सूनच्या आधीच्या या वादळाचा फंडा साधा आहे. दिवसभर तापलेली हवा वर चढते, तिचे उंचच उंच ढग होतात. त्यातून पाऊस सुटला, की वाटेतल्या कोरड्या हवेत त्यातलं बरंच पाणी उडून जातं. त्यामुळे ती हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली आपटते. जमिनीला टेकली, की चहूकडे पसरते. म्हणून आधी गार झोत येतो, मग धुळीची भिंत आणि सगळ्यात शेवटी पाऊस. तापीचं हे खोरं मे महिन्यात तव्यासारखं तापतं, त्यामुळे अशी वादळं इथे कुणाला नवीन नाहीत.

सगळा खेळ वीस मिनिटांचा. त्यातल्या पहिल्या पाचांत धाब्याच्या शेडचा एक पत्रा सुटला, हवेत गिरकी घेऊन आला आणि त्याचा कोपरा आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर बसला. आवाज फारसा झाला नाही. कुणीतरी तांदळाचं पोतं ओतावं, तसा काहीसा. बघितलं तर काच जागेवर नव्हतीच! डिकीत, सीटवर, आमच्या बॅगांवर वाटाण्याएवढ्या चौकोनी तुकड्यांचा सडा पडला होता.

पुढची वेगळी, मागची वेगळी

गाडीची पुढची आणि मागची काच एकाच जातीची नसते, हे किती जणांना ठाऊक असतं? पुढची काच म्हणजे सँडविच. दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. दगड लागला तर ती तडकते, जाळं पडतं, पण ती चिकटून राहते. छोटा तडा असेल, तर भरूनही मिळतो. मागची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर हवेचे झोत मारतात. बाहेरचा पापुद्रा आधी गार होऊन आवळला जातो आणि आतला भाग कायम ताणलेला राहतो. त्यामुळे ती भरपूर मार सोसते, पण एका टोकदार फटक्याने तो ताण मोकळा झाला, की सगळीच्या सगळी काच क्षणात विखरते. सुरे होत नाहीत, खडे होतात. गळा कापला जाऊ नये म्हणून केलेली सोय आहे ती. फक्त तिला जोडकाम नाही. गेली म्हणजे गेली.

पाऊस थांबल्यावर धाबेवाले भाऊ ओशाळून उभे. ‘‘पत्रा आमचाच हो ताई.’’ त्यांनी शेवभाजीचे पैसे घेतले नाहीत आणि पोराला मोटरसायकलवर आमच्या पुढे पाठवून दिलं. ‘‘गॅरेजवर सोडूनच ये त्यांना.’’

‘लायनीवाली का बिनलायनीची?’

गॅरेजवाले चाचा साठीचे. त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘‘कथाईन उनात?’’ आम्ही दोघी ब्लँक. सोबतच्या पोराने भाषांतर केलं, ‘‘कुठून आलात, विचारतात.’’ अहिराणीशी ही आमची पहिली ओळख. दुसरं वाक्य होतं, ‘‘जेवण व्हयनं का?’’ हे मात्र न सांगता कळलं!

मग चाचा कामाला लागले. ‘‘मागची काच लायनीवाली का बिनलायनीची?’’ म्हणजे काचेवर धुकं घालवणाऱ्या त्या तांबूस रेषा होत्या का? होत्या. चाचांनी धुळ्याला फोन लावला. उद्या दुपारी, तिकडून येणाऱ्या छोटा हत्तीतून काच येणार होती.

तोवर भोक बुजवायला हवं. शेजारच्या शेतीमालाच्या दुकानातून आधी आला मल्चिंगचा कागद. एका बाजूने चंदेरी, दुसरीकडून काळा, एकदम मजबूत. चाचांनी तो परत पाठवला. ‘‘मागचं दिसलं पाहिजे.’’ मग पारदर्शक जाड प्लॅस्टिक आलं. त्यांनी आधी कडेचे खडे चिमट्याने काढले, पत्रा कोरडा पुसला आणि चिकटपट्टी काचेच्या खाचेत न लावता बाहेरच्या रंगावर लावली. खाचेत चिकटपट्टीचा गोंद राहिला, तर उद्या सीलंट धरत नाही. डिकीच्या दाराच्या पोकळीतून तर एक वाटीभर खडे निघाले. ‘‘दिवाळीपर्यंत निघत राहतील,’’ हा वर दिलासा.

दरम्यान मैत्रीण इन्शुरन्सची पॉलिसी उघडून बसली होती. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर अशा वेळी दमडी मिळत नाही. आमची कॉम्प्रिहेन्सिव्ह होती आणि तिच्यात वादळ, गारपीट, पूर असं सगळं चक्क नाव घेऊन लिहिलेलं. काचेवर घसाराही कापत नाहीत. पण चाचांनी पाटीवर खडूने हिशेब मांडला. काच फिटिंगसकट साडेपाच हजार. त्यातले हजार रुपये तसेही आपल्या खिशातून जाणार. म्हणजे मिळणार साडेचार हजार. आणि चार वर्षं क्लेम न घेतल्याने मिळणारी ४५ टक्क्यांची सूट, जी पुढच्या वर्षी ५० टक्के होणार होती, ती एका क्लेमने शून्यावर. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम आठ हजार धरला, तर पहिल्याच वर्षी चार हजार गेले. सूट पुन्हा २० टक्क्यांपासून चढवायची, ते वेगळंच. आम्ही रोख द्यायचं ठरवलं.

नाल्यात पाणी, काठावर किल्ला

गाडी गॅरेजात, आम्ही लॉजवर. सकाळी चाचा म्हणाले, ‘‘इथं बसून काय करणार? थाळनेर बघून या.’’ स्टँडवरून काळी-पिवळी पकडली.

जाताना एका नाल्यात पाणी दिसलं. मे महिन्यात! ड्रायव्हरने अभिमानाने सांगितलं, ‘‘शिरपूर पॅटर्न.’’ २००४ सालापासून इथे नाले खोल आणि रुंद करून, त्यांच्यावर पाठोपाठ सिमेंटचे बंधारे बांधायचं काम सुरू झालं. कल्पना भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांची, पाठबळ इथले तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल यांचं. पावसाचं पाणी अडवायचं, जमिनीत जिरवायचं आणि कोरड्या पडलेल्या विहिरींतही सोडायचं. इतकं खोल खोदावं का, यावर पुढे बराच वाद झाला. पण जीपमधल्या मंडळींच्या लेखी तो निकालात निघालेला होता. विहिरीला पाणी आहे म्हणून केळी आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

थाळनेर आज तापीकाठचं शांत गाव आहे. पण खानदेशच्या फारुकी सुलतानांची सुरुवात इथली. बऱ्हाणपूर वसलं ते नंतर. मलिक राजा फारुकी १३९९ मध्ये वारला, त्याची कबर इथेच आहे. शेतांच्या शेजारी दगडी घुमट उभे आहेत. किल्ल्याच्या भिंती नदीच्या बाजूने ढासळल्यात. १८१८ च्या फेब्रुवारीत जनरल हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिलं. तिथे तिकीट नाही, गाइड नाही, सेल्फी पॉइंटही नाही. खाली संथ तापी आणि पलीकडे नजर पोचेल तिथवर केळी.

केळी... पण आडवी.

चार हजार खोडं

आदल्या दिवशीचं ते वीस मिनिटांचं वादळ इथूनही गेलं होतं. रस्त्याला लागून असलेल्या एका बागेत आबा बांधावर बसले होते. पांढरी टोपी, हातात विळा, पण कापायला हात उठत नव्हता. कडेची शेवरी वाकलेली, आतल्या ओळी अशा झोपलेल्या, जणू कुणी हात फिरवलाय. कुठे खोड मधोमध मोडलेलं, कुठे मुळासकट उपटलेलं आणि प्रत्येकाला हिरवा घड.

‘‘चार हजार खोडं होती. निम्मी गेली,’’ आबा म्हणाले. ‘‘मृगबाग आहे. पंधरा दिवसांनी कापणी होती.’’

मृगबाग म्हणजे जून-जुलैत लावलेली केळी. म्हणजे जवळपास वर्षभर पाणी, खत, मजुरी सगळं घालून झालेलं आणि हातात यायला पंधरा दिवस उरलेले. पडलेला घड व्यापारी घेत नाही, घेतला तर मातीमोल भावाने. शिवाय आडवी झालेली बाग साफ करायला पुन्हा मजूर लावायचे, तो खर्च वेगळा.

विम्याचं विचारलं. केळीला हवामानावर आधारित फळपीक विमा आहे आणि आबांनी तो भरलाही होता. ‘‘पण त्यात वाऱ्याचा वेग ठरलेला आहे ताई. तेवढा वारा मंडळातल्या यंत्रावर नोंदला पाहिजे. माझ्या बागेत किती होता, ते बाग सांगते. यंत्र काय सांगतं, ते बघू.’’

आमच्या पॉलिसीत ‘वादळ’ असा एकच शब्द होता. फुटलेल्या काचेचा फोटो पाठवला असता, तर सर्व्हेअरने तेवढ्यावरून पुढचं काम सुरू केलं असतं. तो क्लेम आम्ही परवडत नाही म्हणून सोडून दिला होता. आबांना सोडायची चैन नव्हती आणि मिळेल की नाही, ते काही कोसांवरच्या एका यंत्रावर ठरणार होतं.

‘‘तुम्ही इकडं कशा?’’ आबांनी विचारलं. आम्ही काचेचं सांगितलं.

‘‘अरेरे. केवढ्याला पडली?’’

‘‘साडेपाच हजार.’’

‘‘लई झाले हो,’’ आबा कळवळून म्हणाले. अगदी मनापासून. मग उठले, उभ्या राहिलेल्या झाडांतून जरा पिकायला आलेली एक फणी शोधून आमच्या हातात दिली आणि पैशांचं नाव काढू दिलं नाही.

दुपारी काच आली. चाचांनी जुना सीलंट खरवडला, नवा लावला, दोन्ही बाजूंनी धरून काच बसवली, रेषांच्या वायरी जोडल्या आणि पट्ट्या मारून गाडी चार तास हलू दिली नाही. निघताना बजावलं, ‘‘आज दारं आपटू नका. आतल्या हवेचा दाब काचेवर येतो. एक खिडकी बोटभर उघडी ठेवा.’’

त्या रात्री आम्ही बिजासन घाट चढलो तो खिडकी बोटभर उघडी ठेवून, मागच्या सीटवर केळीची फणी घेऊन.

जाताय? मग हे वाचा!

कसं जाल? मुंबईहून साधारण पावणेचारशे किलोमीटर, पुण्याहून चारशेच्या वर. धुळ्यापासून पन्नासेक. जवळचं रेल्वे स्टेशन नरडाणा, सुरत-भुसावळ लाइनवर.

काय खाल? शेवभाजी (जपून, रस्सा जाळतो!), कळण्याची भाकरी आणि हिवाळ्यात गेलात तर वांग्याचं भरीत.

काय बघाल? थाळनेरचा किल्ला आणि कबरी, शिरपूर पॅटर्नचे बंधारे, सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी.

मागची काच फुटलीच तर? खड्यांना हात लावण्याआधी फोटो काढा. क्लेम घ्यायचा असेल तर काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा. ‘नो क्लेम’ची सूट किती जाईल, ते आधी मांडून बघा. तात्पुरतं प्लॅस्टिक पारदर्शकच लावा. नव्या काचेवर काळी फिल्म लावायचा मोह टाळा. मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार जायला हवा, असा नियम आहे.

आणि हो, मे महिन्यात खानदेशातून जाताना दुपारनंतर आभाळावर नजर ठेवा. वारा एकाएकी पडला आणि उजेड मंदावला, की गाडी पक्क्या भिंतीच्या आडोशाला घ्या. झाडं, होर्डिंग आणि पत्र्याच्या शेडपासून लांब. वीस मिनिटांचा तर प्रश्न असतो. तेवढ्यात रस्त्याकडेला एखादे आबा असतील, तर त्यांनाही गाडीत घ्या.