हिरवी जीप आणि हळदीचा धुरळा

१ मे १९९९ ला आमचा जिल्हाच बदलला. आदल्या रात्री आम्ही परभणी जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी उठलो ते हिंगोली जिल्ह्यात! वसमतजवळच्या आमच्या गावात कुणीतरी फटाके लावले. माझं मात्र फटाक्यांकडे लक्ष नव्हतं. मी, ताई आणि मामा अंगणात एका जीपभोवती तोंडं पाडून उभे होतो. तिच्या बॉनेटवर नव्या रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या. उकळलेल्या दुधावर साय धरते ना, अगदी तशा.

ही जीप बाबांची. मूळची साधी महिंद्रा, पण बाबांनी वसमतच्या एका वेल्डिंगवाल्याकडून तिचा मागचा भाग हातभर वाढवून घेतला होता, बाजूला लोखंडी बाक बसवून घेतले होते. हळदीची पोती, लग्नाचं वऱ्हाड, कुणाचं दुखणं-खुपणं, सगळं या गाडीतून जायचं. नंबर एमएच-२२, म्हणजे परभणीचा. हिंगोलीला एमएच-३८ मिळाला, पण आमच्या जीपच्या कपाळावर जुनंच गाव राहिलं.

मग एका पावसाळ्यात बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. म्हणजे गेलं असं सगळे म्हणायचे. खरं तर शब्द त्यांच्या डोक्यात असायचे, ओठांपर्यंत यायला फार वेळ घ्यायचे. तेवढा वेळ थांबायला आमच्यापैकी कुणाला सवड नव्हती. ते “प... प...” म्हणाले की आई पाण्याचा तांब्या पुढं करायची. कधी कधी त्यांना पेपर हवा असायचा.

जीप दोन वर्षं लिंबाखाली उभी राहिली. चिमण्यांनी स्टिअरिंगमागं घरटं केलं. त्या उन्हाळ्यात ताईची बारावीची परीक्षा झाली होती आणि तिला नांदेडला कॉलेजात घालायचं होतं. वसतिगृह आलं, फी आली. म्हणून जीप विकायची ठरली. कळमनुरीकडचा एक गिऱ्हाईक येऊन बघून गेला. म्हणाला, “इंजिन बरं हाय, पर रूप पाहवत नाही. रंगवून ठेवा, धा दिवसांनी येतो.” नांदेडच्या गॅरेजवाल्यानं रंगकामाचे सात हजार सांगितले. आईकडं होते दीड हजार.

“सात हजार कशाला? मी हाय की!” मामा म्हणाला. मामा साइनबोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरची पाण्याची चक्रं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची फुलं, सगळं त्याच्या हातचं. फक्त अख्खी गाडी त्यानं कधी रंगवली नव्हती, हे तो सांगायला विसरला.

मित्रांनो, रंगकामात रंग लावणं हा अगदी छोटा भाग आहे, बरं का. आम्ही पाच दिवस नुसतं घासत होतो. आधी पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडायचा. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग बारीक, मग आणखी बारीक. जेवढा नंबर मोठा तेवढा कागद मऊ. उघड्या पत्र्याला तांबडा रेडऑक्साइड, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, आणि ती वाळली की पुन्हा घासणं! शेवटचं घासणं पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरनं. तिथं आजी आडवी आली. मे महिना, हापसा दूर, आणि आम्ही पाणी गाडीवर ओतणार? “जीपला अंघोळ आणि म्हशीला तहान व्हय रे?” मग आम्ही एकच बादली पाच दिवस पुरवली. रात्री गाळ खाली बसायचा, सकाळी वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढून घ्यायचं.

रंग कोणता लावायचा यावर वाद झाला नाही. मला लाल हवा होता, पण गाडीच्या आरसी बुकात जो रंग लिहिलेला असतो तोच ठेवावा लागतो. बदलायचा तर आरटीओकडे नोंद करावी लागते. त्यात दिवस जाणार. म्हणून हिरव्यावर हिरवा.

प्रकार मात्र मामानं निवडला. फर्निचरचं काम बंद केलेल्या एका ओळखीच्या माणसाकडं हिरव्या ड्युकोचे दोन डबे उरले होते, निम्म्या किमतीत मिळाले. ड्युको हा शब्द तुम्ही सुतारकाम चालू असलेल्या घरात ऐकला असेल. ते मुळात अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. त्याआधी मोटारींना ब्रशनं थरावर थर द्यावे लागत आणि सगळं वाळायला आठवडेच्या आठवडे जात. फोर्ड कंपनीनं तर १९१४ पासून १९२५ पर्यंत आपली मॉडेल टी गाडी फक्त काळ्याच रंगात विकली. १९२३-२४ च्या सुमारास ड्युको आला. तो फवाऱ्यानं मारता येई, झटपट वाळे आणि हव्या त्या रंगात मिळे. रस्त्यावर निळ्या-हिरव्या गाड्या दिसू लागल्या त्या तेव्हापासून. आमच्याकडं दिवस थोडे, अंगणात धूळ भरपूर. अर्ध्या तासात वाळणारा रंग म्हणजे सोनंच की!

पंक्चरवाल्याकडून कॉम्प्रेसर आणला. थिनरची वाफ पेट घेते म्हणून आजीची चूल दिवसभर विझवली, त्याबद्दल आणखी बोलणी खाल्ली. बाबा ओसरीवर खाटेवर बसून होते. मामानं डबा उघडून थिनर ओतलं, त्याचा वास ओसरीपर्यंत गेला आणि बाबा एकदम हात हलवायला लागले.

“इ... इना...”

“इनाम? देऊ की दाजी, गाडी विकली की देऊ!” मामा हसला. मीही हसलो.

“ना... ना... इ...”

“उन्हात बसू नका, आत चला,” आई म्हणाली आणि त्यांना धरून आत घेऊन गेली.

मामानं बॉनेटवर पहिला हात मारला. काय चकाकलं म्हणून सांगू! दहा मिनिटं आम्ही खूश होतो. मग कडेला एक वळी उठली. मग दुसरी. बघता बघता सगळं बॉनेट आक्रसलं. बोट लावलं तर खालच्या जुन्या रंगासकट साल निघून आली. दीड हजारातले नऊशे गेले होते आणि गिऱ्हाईक यायला चार दिवस उरले होते.

ताई आत गेली. बाबांसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “बाबा, सांगा. मी थांबते.” ती खरंच थांबली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण मला उभं राहवेना इतका.

“इ...नॅ...मल,” बाबा म्हणाले.

जुना रंग इनॅमल होता! सहा वर्षांपूर्वी त्यांनीच मारून घेतला होता. मामा समजत होता कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग आहे, त्यावर काहीही चालेल. ड्युको नुसता थिनर उडून वाळतो, इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. ड्युकोचं थिनर फार जहाल. ते इनॅमलमध्ये मुरतं, त्याला फुगवतं आणि वर सुरकुत्या येतात. आधी एका कोपऱ्यात थिनरचं फडकं चोळून पाहिलं असतं तर कळलं असतं. ड्युको असेल तर रंग फडक्याला लागतो, इनॅमल असेल तर फुगतो. बाबांनी ही परीक्षा आम्हाला नंतर डॅशबोर्डच्या खाली, डाव्या हातानं स्वतः करून दाखवली.

मामा खाली मान घालून म्हणाला, “चुकलं दाजी. आयुष्यभर इनॅमलच वापरतो मी, आणि तेच ऐकलं नाही.”

मग बाबांची खाट लिंबाखाली आली. बॉनेट पत्र्यापर्यंत खरवडलं, पुन्हा रेडऑक्साइड, पुन्हा लांबी. मी घासायचो आणि बाबा डोळे मिटून डावा तळहात पत्र्यावरून फिरवायचे. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा हाताला खडबडीत लागते. ते थांबले की मी तिथं खडूनं गोल काढायचो. एका दरवाज्यावर अकरा गोल! रडायला आलं होतं मला.

उरल्या पैशांत इनॅमलचे डबे आले. वारा नसतो म्हणून पहाटे पाचला सुरुवात केली, अंगणात थोडा सडा टाकून. (त्या पाण्याबद्दल आजी चक्क गप्प बसली.) गन पत्र्यापासून एक वीत लांब, हात सरळ रेषेत. जवळ गेलं की ओघळ येतो, लांब गेलं की संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा. पहिला हात पातळ, तो चिकट झाला की दुसरा. आम्ही तोंडाला ओले रुमाल बांधले होते. आज सांगतो, रुमालानं वाफ अडत नाही. त्यासाठी वेगळा मास्क मिळतो, तोच हवा. आणि हार्डनर मिसळून मारायचे जे टू-के रंग हल्ली मिळतात, त्यांचा फवारा घरी अजिबात मारू नये. त्यातली आयसोसायनेट नावाची रसायनं फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात.

सात वाजता सगळं संपलं आणि साडेसातला शेजारच्यांच्या शेतगड्यानं हळद पॉलिश करायचा ड्रम सुरू केला. शिजवून वाळवलेली हळद त्या ड्रममध्ये घुसळली जाते, वरची साल निघते आणि पिवळा धुरळा उडतो. आम्ही सांगून ठेवलं होतं, पण मालकाला. गड्याला कोण सांगणार? मी धावत जाऊन ड्रम बंद करवला. परत आलो तर ओल्या हिरव्या बॉनेटवर हळद! मामानं फडकं उचललं.

“थां...” बाबा म्हणाले. मामाचा हात हवेतच थांबला. आम्ही सगळेच थांबलो.

“थांब. वा...ळू दे.”

वाळू दिलं. पुसलं असतं तर सगळं फराटलं असतं. दोन दिवसांनी हजार नंबरचा वॉटर पेपर अगदी हलक्या हातानं फिरवला, बॉनेटवर एक पातळ हात पुन्हा मारला. वायपरजवळच्या कोपऱ्यात थोडे पिवळे कण राहिलेच. ताई म्हणाली, हळदीचा रंग उन्हात उडतो, काळजी नको.

गिऱ्हाईक आला. गाडीभोवती दोनदा फिरला, नेमकं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “एकोणीस देतो.” मामा हो म्हणणारच होता. बाबांनी डावा हात वर केला. गिऱ्हाइकाला वाटलं ते निरोप घेतायत. पण आमच्यापैकी कुणी बोलेना, म्हणून तोही उभा राहिला.

“वीस...” बाबा म्हणाले. लिंबावर कावळा ओरडला. “...पाचशे.”

वीस हजार पाचशेला जीप गेली. ताई त्याच पावसाळ्यात नांदेडला गेली. अंगणात लिंबाच्या खोडावर जीपच्या उंचीएवढा हिरव्या शिंतोड्यांचा पट्टा तेवढा राहिला. बाबांची खाट पुढं रोज त्याच झाडाखाली असायची.