आयतें ताट

कोणतीहि सोय अंगवळणी पडली, कीं ती पुरविणारा हात आपल्या दृष्टीआड होतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील पाणचक्की पाहावयास येणारे लोक हौदांत कोसळणारें पाणी पाहून प्रसन्न होतात. परंतु तें दूरच्या डोंगरांतून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येथवर येतें, याची चौकशी करणारा विरळा! हाच मनुष्यस्वभाव संगणकाच्या जगांतहि कसा वावरतो, हें आम्हांस आमच्या मुलीच्या उद्योगामुळें पाहावयास मिळालें.

तिनें एका लहानशा वाचनालयाच्या ग्रंथयादीसाठीं संकेतस्थळ रचिलें. त्याकरितां तिनें जी साधनसामग्री घेतली, तिचें नांव 'जँगो'. अमेरिकेंतील लॉरेन्स गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत ती जन्मास आली व २००५ सालीं सर्वांस खुली झाली. अशा संकेतस्थळांत ग्रंथांची यादी मागणीगणिक नव्यानें सिद्ध होते; पण अक्षरांचें वळण, रंग, समास हें सारें सांगणारी स्टाइलशीट, तसेंच चित्रें, हीं सर्वांस सारखींच. म्हणून त्यांस 'स्टॅटिक', म्हणजे स्थिर, फाइली म्हणतात. ब्राउझर प्रथम मजकूर आणतो, त्यांत स्टाइलशीटचा पत्ता वाचतो आणि मग तिच्यासाठीं दुसरी मागणी धाडतो. मजकूर व पोशाख हे असे दोन खेपांनीं येतात.

घरीं काम चाललें असतां या दुसऱ्या खेपेची चिंता करावी लागत नाहीं. 'डीबग' चालू असेपर्यंत जँगोचा घरगुती सर्व्हर नाना कप्पे धुंडाळून हवी ती फाइल हातीं ठेवितो. परंतु ही सेवा अतिशय संथ व बहुधा असुरक्षितहि आहे, असें जँगोच्या कर्त्यांनींच बजावून ठेविलें आहे. 'डीबग' बंद होतांच ती थांबते. मग 'कलेक्टस्टॅटिक' ही आज्ञा देऊन साऱ्या फाइली एका ठिकाणीं गोळा कराव्या लागतात आणि त्या वाटण्यास एंजिनएक्ससारखा स्वतंत्र सेवक नेमावा लागतो.

मुलीचें स्थळ भाड्याच्या सर्व्हरवर गेलें, तेव्हां हा सेवक नेमलेला नव्हता. पांढऱ्या पानावर काळीं अक्षरें आणि अधोरेखित निळे दुवे, एवढेंच काय तें उरलें. सायंकाळीं वाचनालयाचे वृद्ध चिटणीस तें पाहावयास येणार होते. तिचा चेहरा अगदीं उतरला. आम्ही मात्र तें पान निरखून वाचलें. एकहि ग्रंथ हरवला नव्हता. लेखकांचीं नांवें जेथल्या तेथें होतीं. पोशाख गळाल्यावरहि ज्याचा अर्थ उभा राहतो, तें पान मुळांत निकोप होय, असें आम्हांस वाटलें.

म्हणून पोशाख क्षुद्र ठरत नाहीं. चिटणिसांच्या थकलेल्या डोळ्यांस मोठें अक्षर व मोकळी ओळ हीं चैन नव्हे, गरज आहे. आणि ती भागविण्यास कोणीतरी खेप घालावीच लागते. सायंकाळपूर्वीं मुलीनें ती व्यवस्था केली.

आयत्या ताटावर जेवणाराची भूक भागते, पण त्यास चुलीची ओळख होत नाहीं. शिकणारानें आयतें ताट अवश्य घ्यावें. मात्र परक्या गांवीं निघण्यापूर्वीं एक दिवस घरच्या सेवकास रजा देऊन, आपल्या पानावर काय उरतें, तें पाहून ठेवावें.