विझायचा राहिलेला गुलाबी

तो गुलाबी. तेवढाच उरला.

बाकी सगळं मिटलं. डोक्यावरून जाणारं गवत, गवतात दडलेलं काळं पाणी, पाण्यावर सावकाश चढणारं ऊन. उरली ती एका कागदावर मानेपासून माथ्यापर्यंत चढत गेलेली गुलाबी आभा, आणि तिच्याखाली गडद तपकिरी अंग. संध्याकाळ जमिनीवर उतरून गेली आहे आणि आभाळाचा एकच पट्टा अजून विझलेला नाही, असं तुझं रूप.

गुलाबसिरा, गुलाबी डोक्याच्या बदका, तुला मी कधी पाहिलं नाही. माझ्या वडिलांनी नाही. आजोबांनी पाहायचं तर त्यांना बिहारात कोसी नदीच्या काठी जन्म घ्यावा लागला असता. आमच्या तळ्यांवर थंडीत चक्रवाक उतरतात, थापट्या येतात, तलवार बदकं येतात, पाणी त्यांच्या बोलण्यानं भरून जातं. आणि त्या गजबजाटात माझी नजर उगाच कुणाला तरी शोधत राहते. जे कधी आपल्या वाट्याला आलंच नाही, त्याचं सुतक कसं धरावं?

पण धरलं जातं.

कलकत्ता. 1777 ते 1782 या दरम्यानचा कुठलातरी दिवस. सरन्यायाधीश एलिजा इंपीच्या घरी त्याच्या बायकोनं, मेरीनं, पशुपक्षी जमवले होते आणि त्यांची चित्रं काढायला पाटण्याकडचे चित्रकार ठेवले होते: शेख झैनुद्दीन, रामदास, भवानीदास. मुघल शैलीच्या बारीक रेषेत मुरलेले हात, समोर विलायती कागद.

तू भवानीदासाच्या वाट्याला आलंस.

मी डोळे मिटतो आणि ती खोली मनात उभी करतो: गंगेकाठच्या मुलुखातून आलेला तो माणूस, ज्याला तुझं नवल वाटायचं काही कारण नाही, तो शिंपल्यात रंग कालवतो, लाल फार होतो म्हणून पांढरा घालतो, पांढरा फार होतो म्हणून पुन्हा लालाकडे वळतो, खिडकीतलं ऊन सरकतं तसा पाटासकट सरकतो, एकेक पीस केसाएवढ्या रेषेनं मोकळं करतो, मानेच्या वळणापाशी श्वास रोखतो, आणि दिवस कलता कलता त्या रंगापाशी पोचतो जो गुलाबाचाही नाही, पहाटेचाही नाही, फक्त तुझा आहे, आणि मग कागद वाळत असताना उठून हात धुतो, कारण उद्या दुसरा पक्षी आहे.

तो निरोप घेत नव्हता. म्हणून ते चित्र इतकं शांत आहे.

इंपींच्या संग्रहातल्या कितीतरी पक्ष्यांच्या मागे नुसता कोरा कागद असतो. ना लाट, ना काठ. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नसेल. पाणी बाहेर होतंच, भरपूर होतं. आज त्या कोऱ्या जागेकडे पाहवत नाही.

जॉन लॅथमनं तुला शास्त्रीय नाव दिलं ते 1790 साली. शास्त्राच्या आधी तू पाटण्याच्या एका माणसाला नीट दिसलं होतंस. हे मला फार मोलाचं वाटतं.

तुझा आवाज मात्र कुठल्याच कागदावर उतरला नाही. जुन्या टिपणांत एखादी ओळ भेटते: घरघरती शीळ. एवढंच. मी ती ओळ कानाशी धरून बसतो. आत काही वाजत नाही.

तुझी छायाचित्रंही आहेत, इंग्लंडमधली. सरे परगण्यात आल्फ्रेड एझ्रा नावाच्या गृहस्थांच्या बागेत तुझे काही भाऊबंद होते, 1920 च्या दशकात. परक्या हिरवळीवर ते उभे आहेत, आणि छायाचित्र कृष्णधवल आहे. गुलाबी तिथे राखाडी झाला. कॅमेरा तुझ्या इतक्या जवळ जाऊनही रिकामा परतला. त्या बागेत तुझी वीण झाली नाही.

तुझी अंडी जवळजवळ गोल असत. हस्तिदंती पांढरी, उंच गवताच्या तळाशी, पावसाच्या तोंडावर. काळोख्या गवतात ठेवलेला तेवढाच उजेड.

जून 1935. दरभंगा. तुझी शेवटची खात्रीची नोंद. जून म्हणजे तुझ्या घरट्यांचे दिवस. पहिल्या सरी आल्या असतील, पाणी गवतातून पुन्हा वर चढलं असेल, आणि त्या पाण्यावर...

नाही. पुढचं वाक्य माझ्याच्यानं होत नाही.

पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1960 साली तुझ्यावर लिहिलं, तेव्हा तू दिसून पंचवीस वर्षं लोटली होती. धोक्यातल्या जीवांच्या तांबड्या यादीनं तुला अजून नामशेष म्हटलेलं नाही. अतिसंकटग्रस्त म्हटलं आहे. म्यानमारच्या दलदलीत माणसं तुला शोधून आली. जावं त्यांनी, पुन्हा पुन्हा जावं. शोधणाऱ्यांना मी कधी वेडं म्हणणार नाही.

माझं मन मात्र त्या कागदाशी अडून राहतं. 1783 साली इंपी कुटुंब मायदेशी निघालं, तिकडे 1810 साली लंडनमध्ये त्यांच्या चित्रांचा लिलाव झाला, आणि पाटण्याच्या हातांनी जमवलेला तो थवा पांगला. पाखरूही गेलं, पाखराचा रंगही परमुलुखी गेला. कोसीच्या काठची आजची मुलं तो गुलाबी कुठे पाहणार? पाण्यावर तो नाही. घरच्या भिंतीवरही नाही.

भवानीदासाची चित्रं ज्यांनी आजवर जपली, त्यांचे उपकार आहेतच. त्यांच्याकडे एकच मागणं. पाटण्यात आता बिहार म्युझियम उभं आहे. हे चित्र तिथे आणा. एका हिवाळ्यापुरतं आणा. भवानीदासाच्या गावच्या लोकांना ते डोळे भरून पाहू द्या.