उंचीचे भांडवल

संगणकावर विमानयुद्धाचा खेळ आम्ही या वयात खेळतो, याचे आमच्या स्नेह्यांना हसू येते. परंतु तो खेळ निव्वळ पोरखेळ नव्हे. 'आयएल-२' या खेळमालिकेत आम्ही बहुधा अमेरिकन पी-४७ थंडरबोल्ट चालवितो. ३०,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचितच अधिक असते. तेथे एंजिनाचा दम तुटतो, पंखांचा आधार घटतो. थंडरबोल्टमधील टर्बो-सुपरचार्जर एंजिनास दाबलेली हवा पुरवितो. म्हणून जर्मन फॉक-वुल्फ १९० जेथे धापा टाकते, तेथे थंडरबोल्ट आपले बळ राखते. तरीही त्या विरळ हवेत शत्रूमागे गर्रकन वळावे, तर गेलेला वेग लवकर परत येत नाही. म्हणून वरून झेप घ्यावी, मारा करावा आणि त्याच वेगाने पुन्हा वर निघून जावे. नेम चुकला तरी खाली रेंगाळू नये. हा मोह आवरणेच सर्वांत कठीण.

१९४३-४४ साली युरोपच्या आकाशात, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, प्राणवायूचा मुखवटा चढवून विशीतली मुले याच उंचीवर लढली. आमचे विमान पडले तर कळ दाबून आम्ही पुन्हा उडतो. त्यांना दुसरा डाव नव्हता. म्हणूनच जिंकल्यावरही आमच्याने टाळी वाजवत नाही.