लाल तांदळाची गोळी : ‘नैसर्गिक’ म्हणजे औषध नव्हे का?

“डॉक्टर, पायाचे गोळे फार दुखतात,” काका म्हणाले. कोलेस्टेरॉलसाठी मीच त्यांना स्टॅटिनची गोळी दिली होती. “आणखी काही औषध घेता का?” या प्रश्नावर उत्तर आले, “नाही.” पुढच्या भेटीत काकूंनी पिशवीतून एक डबी काढली. मुलाने परदेशातून पाठवलेली, ‘रेड यीस्ट राइस’. “पण हे औषध नाही, नैसर्गिक आहे,” काका ठामपणे म्हणाले.

हा आपला कोकणातला लाल तांदूळ नव्हे. शिजवलेल्या पांढऱ्या तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवतात. ती लाल रंगद्रव्य तयार करते. चीनमध्ये शतकानुशतके त्याने खाद्यपदार्थ रंगवतात. हीच बुरशी ‘मोनॅकोलिन के’ही बनवते. जपानचे अकिरा एंडो यांनी ते १९७९ मध्ये शोधले. हेच रसायन लोव्हास्टॅटिन नावाने औषध म्हणून मिळते. म्हणजे काका नकळत दोन स्टॅटिन घेत होते!

गोळीचा लाल रंग पाहून आत औषध किती, हे कळत नाही. ते प्रमाण डबीगणिक बदलते. शिवाय या बुरशीच्या काही जाती सिट्रिनिन हे मूत्रपिंडांना घातक विषही बनवतात.

काकांची ती डबी बंद केली आणि दुखणे हळूहळू थांबले. चूक माझीही होती. मी फक्त ‘औषध’ विचारले. आता विचारतो, “पोटात काय काय जाते?” तुम्हीही तपासणीला येताना घरातल्या सगळ्या डब्या सोबत आणा. आणि स्टॅटिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.