सांगणारा, लिहिणारा आणि लिहून घेणारा : ‘डिक्टेशन’ या शब्दाच्या निमित्ताने

१

एकाने बोलावे आणि दुसऱ्याने ते शब्दशः कागदावर उतरवावे, या साध्या क्रियेला इंग्रजीत ‘डिक्टेशन’ हे एकच नाव आहे. मराठीत मात्र तिला निदान तीन नावे आहेत आणि प्रत्येक नाव निराळ्या माणसाच्या बाजूने दिलेले आहे. ‘श्रुतलेखन’ हे ऐकणाऱ्याच्या बाजूचे नाव, कारण त्यात सांगणारा कोण याचा उल्लेखच नाही. शाळेत गुरुजी ‘शुद्धलेखन घालतात’. हे नाव तपासणाऱ्याच्या बाजूचे आहे, त्यात क्रियेपेक्षा तिच्या कसोटीला महत्त्व आहे. तिसरे नाव ‘लिहून घेणे’. ते सर्वांत घरगुती आणि सर्वांत गुंतागुंतीचे आहे. महाविद्यालयात प्राध्यापक नोट्स सांगतात आणि विद्यार्थी त्या ‘लिहून घेतात’. येथे लिहून घेणारा म्हणजे स्वतः लिहिणारा. सावकार कुळाकडून कागद ‘लिहून घेतो’, तेव्हा मात्र लिहून घेणाऱ्याच्या हाती लेखणी नसते, तरीही कागद त्याचाच असतो. इंग्रजी शब्द केवळ सांगणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. मराठीने ज्या बाजूंना नावे दिली, त्यांचा विचार केल्याखेरीज या शब्दाचा अर्थ पुरा होत नाही. तो पुरा करण्यासाठी नंदुरबार जिल्ह्यासारखा प्रदेश फार उपयोगी पडतो.

२

‘डिक्टेट’ हे क्रियापद लॅटिन ‘दिक्तारे’वरून आले. ‘दिकेरे’ म्हणजे म्हणणे. ‘दिक्तारे’ हे त्याचे पौनःपुन्यदर्शक रूप, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणणे. लिहिणाऱ्याचा हात बोलण्याच्या वेगाने चालत नाही, म्हणून सांगणाऱ्याला शब्द पुन्हा उच्चारावा लागतो. ही व्यावहारिक अडचण शब्दाच्या घडणीतच राहून गेली आहे. ‘दिकेरे’चे मूळ ‘दाखविणे’ या अर्थाच्या धातूत आहे आणि संस्कृत ‘दिश्’ हा त्याचाच सगोत्र. त्यामुळे ‘दिशा’, ‘देश’, ‘आदेश’, ‘उपदेश’, ‘संदेश’, ‘निर्देश’ हे आपले शब्द ‘डिक्टेशन’चे दूरचे आप्त ठरतात. संस्कृताने आज्ञा करणे, शिकविणे आणि निरोप पाठविणे या क्रियांना उपसर्गांच्या साहाय्याने वेगळी घरे दिली. ‘डिक्टेट’मध्ये मजकूर सांगणे आणि हुकूम सोडणे हे दोन्ही अर्थ एकाच घरात नांदत राहिले.

त्यांचे असे एकत्र राहणे रोमन समाजव्यवस्थेशी सुसंगत होते. श्रीमंत रोमन गृहस्थ मजकूर सांगे आणि तो लिहून घेणारा पुष्कळदा त्याचा गुलाम असे. सिसरोचा लेखनिक तिरो हा मुळात गुलामच होता. पुढे सिसरोने त्याला मुक्त केले. ज्याच्या शब्दाला प्रतिप्रश्न नाही तो सांगणारा आणि ज्याला मध्येच बोलण्याचा अधिकार नाही तो लिहिणारा, अशी ही वाटणी होती. ‘दिक्तातोर’ हे रोमन प्रजासत्ताकातील पद मात्र आरंभी जुलमाचे नव्हते. संकटकाळी जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी एका अधिकाऱ्याच्या हाती सर्व सूत्रे दिली जात. इसवी सनपूर्व ४४ मध्ये ज्यूलियस सीझर तहहयात दिक्तातोर झाला आणि त्या मुदतीला अर्थ उरला नाही. भारतात १९३० च्या कायदेभंगाच्या काळात तुरुंगात गेलेल्या पुढाऱ्याच्या जागी चळवळीची सूत्रे घेणाऱ्याला ‘डिक्टेटर’ म्हणत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मराठीत त्यासाठी ‘सर्वाधिकारी’ हा शब्द चालत असे. युरोपातील हुकूमशाह्यांचा अनुभव आल्यावर हा वापर मागे पडला आणि ‘हुकूमशहा’ हाच अर्थ शिल्लक राहिला.

या शब्दाची एक वाट मात्र काव्याकडे गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘दिक्तारे’ला ‘रचणे’ असा अर्थ आला. जर्मन भाषेतील ‘डिश्टर’, म्हणजे कवी, हा शब्द त्याच मुळाचा. दृष्टी गेलेल्या मिल्टनने १६६७ साली प्रसिद्ध झालेले ‘पॅरडाइज लॉस्ट’ तोंडी सांगून इतरांकडून लिहवून घेतले, तेव्हा ‘डिक्टेट’चा हा जुना अर्थ जणू पुन्हा जागा झाला. तरीही येथे सत्ता सांगणाऱ्याचीच आहे. लेखनिक बदलत गेले, काव्य मिल्टनचेच राहिले.

३

मराठी वाङ्मयाच्या आरंभी सांगणारा आणि लिहिणारा यांची जी जोडी दिसते, ती या चित्राहून वेगळी आहे. शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहिली. ग्रंथाच्या समाप्तीला या लेखकाचा नावानिशी आणि आदराने निर्देश आहे. समर्थांच्या दासबोधामागे कल्याणस्वामींचे आणि तुकोबांच्या अभंगांमागे संताजी जगनाडे यांचे नाव परंपरेने जपले आहे. येथील लिहिणारा आज्ञाधारक आहे, पण तो नामशेष नाही. लिहिणे ही त्याची सेवा आहे आणि तिच्याबद्दल त्याला परंपरेत स्थान मिळालेले आहे.

त्याहून लक्षणीय उदाहरण लीळाचरित्राचे. चक्रधरस्वामींनी ग्रंथ सांगितला नाही. त्यांच्यामागे म्हाइंभटाने ज्यांच्या ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांना गाठून त्या मिळविल्या. म्हणजे येथे पुढाकार लिहिणाऱ्याचा आहे, सांगणारे अनेक आहेत आणि त्यांची आठवण एकसारखी नाही. अशा वेळी महानुभाव परंपरेने एक पाठ खरा मानून बाकीचे पुसून टाकले नाहीत. ‘वासना’ या संज्ञेखाली भिन्न स्मरणे, ती कोणाची आहेत हे सांगून, पोथीत सांभाळली. लिहिणाऱ्याच्या हाती किती सत्ता असते याची जाणीव असल्याखेरीज ही काळजी संभवत नाही.

४

हीच सत्ता व्यवहाराच्या कागदात दुसरे रूप घेते. हेमाडपंताच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकापासून मराठीत कारकुनी लेखनाची स्वतंत्र परंपरा आहे. बाळाजी आवजी चिटणिसांनी कोरा कागद हाती धरून शिवाजी महाराजांना पत्र वाचून दाखविल्याची आख्यायिका सर्वपरिचित आहे. ती सांगताना चिटणिसांच्या बुद्धीचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण वाचणाऱ्याचे बोलणे आणि कागदावरचा मजकूर एकच आहे, हे केवळ ऐकणाऱ्याला पडताळून पाहता येत नाही, ही गोष्टही तीच आख्यायिका सांगते. दरबारात जे कौतुकाचे ठरले, ते बाजारपेठेतल्या पेढीवर तसे ठरत नाही.

मराठी दस्तऐवजांत दोन पक्षांची नावे ठरलेली आहेत : ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. जमीन विकणारा किंवा कर्ज काढणारा तो लिहून देणार. विकत घेणारा किंवा कर्ज देणारा तो लिहून घेणार. सरावाने या शब्दांकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु निरक्षर शेतकऱ्याच्या बाबतीत ‘लिहून देणार’ हा असा कर्ता आहे की ज्याने एक अक्षरही लिहिलेले नाही. कागद प्रथमपुरुषी आहे, ‘मी राजीखुशीने लिहून देतो’ असे तो म्हणतो. मजकूर मात्र लिहून घेणाऱ्याच्या सोयीचा आणि हात दस्तलेखकाचा. खाली पूर्वी नांगराची निशाणी असे, पुढे डाव्या हाताचा अंगठा आला. इंग्रजी शब्दाच्या अर्थाने पाहिले तर हा माणूस ‘डिक्टेट’ करतो आहे, कारण बोलणारा ‘मी’ तोच आहे. प्रत्यक्षात त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातलेले आहेत.

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्याजवळच्या कर्जरोख्यांवर होता, हे इतिहासकारांनी नोंदविले आहे. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. शेतकऱ्याचा दस्त सरकारने नेमलेल्या ग्रामनिबंधकाने स्वतः लिहावा अथवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यावा, अशी त्यात तजवीज होती. लेखणी कोणाच्या हाती आहे, हा केवळ शैलीचा प्रश्न नाही, हे कायद्याने येथे मान्य केले.

आजच्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र झाला, कारण येथे लिपीबरोबर भाषाही परकी होती. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरांत भिलोरी, पावरी, मावची, देहवाली, कोकणा, बाजारात अहिराणी आणि गुजर, कचेरीत मराठी. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादे-तळोदे भागात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी आदिवासींच्या गेलेल्या जमिनींचा प्रश्न उभा केला. त्याच दशकात महाराष्ट्रात अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याबाबतचा १९७४ चा अधिनियम झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. त्यांत कागदोपत्री निर्दोष असलेली हस्तांतरणेही होती. दस्त बरोबर असणे आणि तो देणाऱ्याची संमती खरी असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, अशी ही कबुलीच म्हणता येईल.

५

न्यायालयात ‘डिक्टेशन’ हा शब्द अगदी उघडपणे अवतरतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७५ व २७६ या कलमांनुसार साक्षीदाराची साक्ष न्यायाधीशाने स्वतः लिहावी किंवा खुल्या न्यायालयात सांगून लिहवून घ्यावी. सत्र न्यायालयात ती सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या नव्हे तर निवेदनाच्या रूपात नोंदविली जाते. म्हणजे सातपुड्यातील एखादी साक्षीदार स्त्री पावरीत बोलते, दुभाषा ते मराठीत आणतो, न्यायाधीश त्याला सुसंगत वाक्यांचे रूप देऊन सांगतात आणि लघुलेखक ते टिपून घेतो. तिला विचारलेले प्रश्न गळतात, तिचे थांबणे गळते, आणि उरते ते ‘मी’ने सुरू होणारे सलग निवेदन. यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही. ती पद्धतच आहे. कायद्याला तिची मर्यादा ठाऊक आहे, म्हणून कलम २७८ मध्ये नोंदविलेली साक्ष साक्षीदाराला वाचून दाखविण्याची आणि भाषा वेगळी असल्यास तिला समजणाऱ्या भाषेत सांगण्याची तरतूद केली गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तजवीज कायम आहे. ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ हे कागदाच्या तळाचे वाक्य पुष्कळदा छापील सवयीने येते; मात्र सांगणाऱ्याचा आपल्या शब्दांवर उरलेला हक्क तेवढ्या एका वाक्यात आहे.

शाळेत हा हक्कही नसतो. अहिराणीत ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो; ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’ होतो. घरी ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाने गुरुजींच्या तोंडून ‘डोळा’ ऐकून वहीत ‘डोया’ लिहिले, तर त्याने शब्द ओळखला, त्याचा अर्थ जाणला आणि तो आपल्या भाषेत आणला, असे म्हणता येईल. शुद्धलेखनाच्या वहीत मात्र ती लाल रेघ होते. उलट ज्याला शब्दाचा अर्थ मुळीच कळला नाही, पण ध्वनी अचूक टिपता आला, त्याला पुरे गुण मिळतात. प्रमाणलेखन शिकविणे आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. पण लेखनाशी होणारी पहिली ओळख आपले बोलणे लिहिण्याची नसून दुसऱ्याचे बोलणे न चुकता लिहिण्याची असावी, याचे परिणाम या जिल्ह्यातील अनेक पिढ्यांनी सोसले आहेत.

६

मराठी विभागांतील अभ्यासकांचा या शब्दाशी संबंध येतो तो लोकवाङ्मयाच्या संकलनात. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात भिल्ल बोली आणि खानदेशी यांचे नमुने आहेत. त्यांतील पुष्कळसे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेची रूपांतरे आहेत. तुलनेसाठी एकच मजकूर असणे शास्त्राला सोयीचे होते आणि त्या सोयीमुळेच हे नमुने आजही उपयोगी पडतात. तथापि बोलणाऱ्याने भाषा आपली द्यावी आणि गोष्ट दुसऱ्याने नेमून दिलेली सांगावी, अशी ती मांडणी होती. ‘डिक्टेट’चे दोन्ही अर्थ तेथे एकाच पानावर भेटतात.

याच्या उलट उदाहरण खानदेशातच, जळगावला आहे. लिहिता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरी काम करता करता ओव्या रचीत आणि घरच्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. लिहून घेणारा घरचा होता, त्याला ती बोली परकी नव्हती आणि कवितेवर नाव आईचे राहिले. या तीन गोष्टी जुळून आल्या नसत्या, तर त्या ओव्या ‘खानदेशातील एक लोकगीत’ म्हणून कोठे तरी निनावी छापल्या गेल्या असत्या.

शहादे परिसरातील कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेचा विषय नेमका हाच आहे : ज्यांचे दुःख आहे ते खाली बसलेले आणि ते दुःख सांगणारे दुसरेच व्यासपीठावर. आदिवासी साहित्याच्या चर्चेत या कवितेचा उल्लेख वारंवार होतो. संशोधनाच्या पद्धतीच्या चर्चेत तो क्वचितच होतो. वास्तविक तिचा प्रश्न तेथेही लागू आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जाऊन, ध्वनिमुद्रण करून, मराठी लिप्यंतरासह गीते आणि कथा सादर करणारा पदव्युत्तर विद्यार्थी दस्ताच्या भाषेत ‘लिहून घेणार’ असतो. प्रबंधावर नाव त्याचे, पदवी त्याची. गाणारी वृद्धा परिशिष्टात ‘निवेदक’ या रकान्यात, कधी केवळ वय आणि गाव एवढ्यापुरतीच उरते.

यावर फार मोठा उपाय लागतो असे नाही. मराठीच्या दोन जुन्या रीती पुरेशा आहेत. पहिली म्हाइंभटाची : पाठ वेगळे पडले तर ते पुसू नयेत, आणि कोणता पाठ कोणाचा, हे सांगणाऱ्याच्या संमतीने त्याच्या नावासह नोंदवावे. दुसरी न्यायालयाची : लिहिलेले घेऊन पुन्हा त्या पाड्यावर जावे, सांगणाऱ्याला त्याच्या भाषेत ते वाचून दाखवावे आणि त्याने ‘असे नाही’ म्हटले तर ते ‘असे नाही’ही लिहून ठेवावे. या दुसऱ्या फेरीसाठी संशोधनाच्या आराखड्यात सहसा वेळ धरलेला नसतो. तो धरला गेला, तर या जिल्ह्यातील सांगणाऱ्यांना आपल्या नावाने काय लिहिले गेले आहे हे प्रथमच ऐकता येईल.